म्हशीला रविवार नसतो

(१९९३-९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंसं आवरून दिलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू बारा वर्षं दर रविवारी मोबाइलवर काहीतरी लिहितोस. ते कसं जमतं, यावर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, अरे, मी इचलकरंजीला एका सूतगिरणीत स्टोअरकीपर आहे. मला आवक, जावक आणि शिल्लक यावर बोलता येतं. तर ते म्हणाले, "तेच बोल." म्हणून उभा राहिलोय.

शिवाय सातत्यावर बोलायला नेसरीत उभं राहायचं, म्हणजे जरा धाडसच आहे. आपल्या गावाचं नाव घेतलं की महाराष्ट्राला एकच दिवस आठवतो, २४ फेब्रुवारी १६७४. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार. आपण लहानपणापासून ती खिंड बघत आलोय, कुसुमाग्रजांची कविता पाठ करत आलोय. त्यामुळे मोठं काम म्हणजे एकदाच जीव तोडून घेतलेली झेप, असं आपल्याला वाटत आलंय. पण प्रतापराव त्या दिवशी आभाळातून पडलेले नव्हते. ते सरनोबत होते. दोनच वर्षं आधी, १६७२ मध्ये, साल्हेरच्या मोठ्या लढाईत त्यांनी पराक्रम केला होता. त्याच्याही आधी कितीतरी वर्षं घोडी, दाणावैरण आणि माणसं सांभाळण्यात गेली असतील. त्या दिवसांवर कुणी कविता केलेली नाही. मला आज बोलायचंय ते तसल्या दिवसांबद्दल.

मला सातत्य पहिल्यांदा शिकवलं ते आमच्या आईनं, आणि तिला ते शिकवलं म्हशींनी. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचं, फॅट बघायची, पासबुकावर आकडा लिहून घ्यायचा आणि दहा दिवसांच्या बिलावर घर चालवायचं. तुमच्यातल्या निम्म्या घरांचं हेच होतं. सकाळी कॅन घेऊन जायचं काम माझ्याकडे. आठवीत असताना जुलैतल्या एका सकाळी असा पाऊस कोसळत होता की समोरचं घर दिसत नव्हतं. मी पांघरुणातून म्हणालो, "आई, आज नको जायला." ती म्हणाली, "बरं. म्हशीला जाऊन सांग, आज पाऊस हाय, दूध उद्या दे म्हणावं." मी उठलो.

दुसरा धडा शाळेतला. नववीला मराठीच्या सरांनी मला फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम दिलं. परिपाठाआधी यायचं, ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, रंगीत खडूनं सुविचार आणि खाली दिनविशेष. घरात सुविचारांचं एक पुस्तक होतं, ते दिवाळीपर्यंत पुरलं. नंतर वर्तमानपत्रातले, कॅलेंडरमागचे उतरवले. आणि जानेवारीत एका सकाळी माझ्याकडे काहीच नव्हतं. मग मी स्वतःच एक वाक्य जुळवलं आणि खाली लिहिलं "विनोबा भावे". परिपाठ झाला. सरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हे विनोबांनी कुठं लिहिलंय?" मी मान खाली घातली. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "खोटं लिहिण्यापेक्षा एक दिवस फळा कोरा ठेव." सर आज समोर बसलेत. सर, ते वाक्य मी तेव्हा ऐकलं, पण ते मला समजायला पंचवीस वर्षं लागली. ते कसं, ते पुढं सांगतो.

मी लिहायला लागलो त्याची सुरुवात फसलेलीच होती. गिरणीत संगणक आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी गावाकडच्या आठवणी टाइप करायचो. पाच-सहा वर्षांत चाळीसेक तुकडे झाले असतील. मग संगणक बदलला. नव्या संगणकावर तो जुना फॉन्ट नव्हता. फाइल उघडली की नुसती तिरकी-वाकडी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलंय, त्यांना हे दुखणं माहीत आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण ती आपल्या टेबलापर्यंत यायला फार वर्षं गेली. ते चाळीस तुकडे गेले ते गेलेच.

जून २०१२ मध्ये मी मोबाइलवर पुन्हा सुरू केलं. दर रविवारी रात्री एक छोटा लेख. विषय आपल्याच भागातले. गुऱ्हाळातली काहील आणि चुलवाण, गुळव्याचा हात, मोटेचा नाडा, भुईमुगाच्या शेंगा तोडायला बसलेल्या बायकांच्या गप्पा, घटप्रभेला पाणी चढलं की बंद होणारे रस्ते. तेव्हापासून आजवर ५७१ लेख झाले. बारा वर्षांत रविवार सव्वासहाशे येतात, म्हणजे पन्नासच्या वर रविवार चुकलेत. स्टोअरकीपर आहे, हिशेब लपवत नाही. त्यातले बरेचसे पहिल्या दोन वर्षांतले, आणि एक सलग पाच महिन्यांची रिकामी जागा आहे.

कुणी म्हणेल, यात विशेष काय? विशेष काहीच नाही. आपल्या भाषेत हे फार जुनं आहे. गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली. तेव्हा ते पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. एक-एक करत पत्रं १०८ झाली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणतो. एकदम शंभर पत्रांचा ग्रंथ लिहायला बसले असते, तर झाला असता की नाही, देव जाणे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं. तेही सरकारी शाळेत शिक्षक होते. मध्ये रत्नागिरीला बदली झाली, तरी माला चालू राहिली. सात वर्षं, ८४ अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. पुढं १८८२ मध्ये ते गेले तेव्हा वय ३१. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरीसुद्धा 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आलेली. म्हणजे वाचक पुढच्या अंकाची वाट बघतोय आणि लेखकाला मजकूर द्यायचाय.

आणि लांब कशाला जायचं? निपाणीचे महादेव मोरे घ्या. पिठाची गिरणी चालवत या माणसानं कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. दिवसभर दळण, अंगावर पीठ, पट्ट्याचा आवाज, आणि त्यातूनच ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, हातावर पोट असलेली माणसं कागदावर आली. मी निपाणीवरून जाताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारतो, "तुला कसला वेळ मिळत नाही?"

आता तुम्ही विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. कसं जमतं? माझ्याजवळ चार साध्या गोष्टी आहेत.

पहिली, वेळ ठरलेली. रविवारी रात्री जेवणं झाली, भांडी घासून झाली, की नऊ ते साडेदहा. भांडी मी घासतो, हेही सांगतो, म्हणजे घरून तक्रार येत नाही. सुचलं की लिहीन, असं म्हणणाऱ्याला कधीच सुचत नाही. बसलं की सुचतं.

दुसरी, माप लहान. चारशे शब्द. सुरुवातीला मी दीड-दोन हजार शब्दांचे लेख लिहायला गेलो आणि तिसऱ्या आठवड्याला दम लागला. रोज अर्धा लिटर घालणाऱ्याचं पासबुक भरतं. एकदाच कॅनभर घालून गायब होणाऱ्याचं भरत नाही.

तिसरी, शिल्लक. गिरणीत बेअरिंग संपल्यावर बेअरिंग मागवत नाहीत, ठरावीक संख्येच्या खाली साठा आला की मागणी लावतात. तसं माझ्या खिशातल्या वहीत कायम सहा विषय शिल्लक असतात. चारवर आले की मी गावाकडे फोन लावतो. आईला विचारतो, "कणगीला शेण कसं लावायचे गं?" ती अर्धा तास बोलते. त्यात दोन लेख असतात आणि आईशी अर्धा तास बोलणंही होतं. खरं सांगायचं तर या लिखाणातून माझी कमाई झाली असेल, तर तीच.

चौथी, आपली प्रत आपल्याकडे. चाळीस तुकडे गमावल्यावर शहाणपण आलं. प्रत्येक लेखाची छापील प्रत बॉक्स फाइलमध्ये लावतो. मोबाइल फुटेल, पासवर्ड विसरेल, कागद कपाटात राहील.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण सातत्याला एक वाईट बाजू आहे आणि ती मी सांगितली नाही, तर आज इथं खोटा सुविचार लिहिल्यासारखं होईल.

२०१७ च्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्या वहीत एकही विषय नव्हता. शिल्लक शून्य. गिरणीत वर्षअखेरीची मोजदाद लांबलेली, दोन महिने गावाकडे फोन नाही. रात्रीचे दहा वाजले. सलग कित्येक महिने एकही रविवार चुकलेला नव्हता आणि तो आकडा मोडायचा नव्हता. त्याच महिन्यात आपल्याच वर्गातला माझा एक मित्र मला स्टँडसमोर भेटला होता. चहाच्या गाड्यावर तासभर त्यानं घरचं सांगितलं. वडिलांचं दुखणं, त्यापायी विकलेली रस्त्याकडची जमीन, त्यावरून भावाभावांत झालेलं भांडण. तो मला मित्र म्हणून सांगत होता. आणि मी त्या रात्री ते लिहिलं.

नाव बदललं. मला वाटलं, झालं, एवढं पुरे. पण चहाचा गाडा तोच ठेवला, तीन भावांतला मधला तोच ठेवला, रस्त्याकडचं रान तेच ठेवलं. गाव केवढं? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो लेख गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता. माझ्या आधीच्या कुठल्याही लेखाला एवढे वाचक मिळाले नव्हते. आणि मी, लाज वाटते सांगायला, सोमवारभर आकडा बघून खूश होतो.

संध्याकाळी त्याचा फोन आला. एकच वाक्य बोलला. "तुला लिवायला दुसरं काय गावलं न्हाई व्हय रं?" आणि ठेवला. नंतर कळलं, तो लेख त्याच्या मुलीच्या सासरपर्यंत गेला होता. मी लेख काढून टाकला. पण माझ्या पानावरून काढला तरी लोकांच्या मोबाइलमधून कसा काढणार? दुधात पाणी पडलं की ते परत वेगळं करता येत नाही.

मी त्याच्या घरी गेलो. तो बाहेर आला नाही. त्याच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "आत्ता न्हाई यायचा तो. तू जा बाबा." त्यानंतर पाच महिने मी काही लिहिलं नाही. तीच ती रिकामी जागा.

तेव्हा मला सरांचं वाक्य समजलं. मी नववीत खोटं लिहिलं होतं, कारण फळा कोरा ठेवायची भीती होती. चाळिशीला आलो तेव्हा जे लिहिलं ते खरं होतं, पण ते माझं नव्हतं. भीती मात्र तीच. रविवार रिकामा जाईल. वाचकानं मला काही मागितलं नव्हतं. कुणी माझ्या दारात येऊन "लेख कुठाय?" म्हणालं नव्हतं. माझा आकडा मोडू नये म्हणून मी मित्राचं घर उघडं केलं.

पाच महिन्यांनी सरांचा फोन आला. त्यांना सगळं कळलेलं होतं. म्हणाले, "अरे, मी एक दिवस फळा कोरा ठेव म्हटलं होतं. तू तर वर्ग सोडून गेलास." मी म्हटलं, "सर, हात उचलत नाही." ते म्हणाले, "मग आधी तुझ्याच चुकीबद्दल लिही. कुणाचं नाव घेऊ नको, कुणाची खूण ठेवू नको." ते लिहायला मला तीन रविवार लागले. तो लेख फार कुणी वाचला नाही. पण लिखाण पुन्हा सुरू झालं.

मित्र मात्र दोन वर्षं बोलला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. इचलकरंजीत पंचगंगेचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, कोल्हापूरचे रस्ते बंद, टीव्हीवर तेच. आमचं घर उंचावर होतं, आम्ही सुखरूप होतो. रात्री उशिरा एका ओळखीच्या नंबरावरून फोन आला. "पाणी कुठवर आलंय? पोरं बरी हाईत न्हवं?" मी म्हटलं, "बरी आहेत." पुढं दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग तो म्हणाला, "बरं. ठेवतो." त्या फोननंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. माफ केलं असं त्यानं कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तो आज या सभागृहात आहे. ही गोष्ट मी त्याला विचारूनच सांगतोय. गेल्या रविवारी त्याच्या ओसरीवर बसून हे भाषण त्याला वाचून दाखवलं. त्यानं दोन ठिकाणी खोडायला लावलं, ते खोडलं. नाव घ्यायचं नाही, ही त्याची अट आहे. तुमच्यातले जे ओळखतील, त्यांनी ओळखल्याचं दाखवू नये, ही माझी विनंती.

तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर पाचवी गोष्ट लिहिलेली आहे. दुसऱ्याच्या गोठ्यातलं दूध आपल्या कॅनमधून घालायचं नाही. कुणाबद्दल लिहायचं असेल तर त्याला आधी वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर नको. आणि तेवढ्यासाठी रविवार चुकला तर चुकला. लोकहितवादींच्या आणि आमच्या काळात हाही फरक आहे. त्यांचा मजकूर संपादकाच्या हाताखालून जायचा, मग छापखान्यात जायचा. तेवढ्यात विचार बदलायला सवड असायची. आमच्या अंगठ्याखाली एकच बटण आहे. म्हणून आता मी लेख रविवारी लिहितो, पण सोमवारी सकाळी पुन्हा वाचूनच पाठवतो. मधली रात्र हाच माझा संपादक.

मग कुणी विचारेल, एवढं सगळं असताना लिहायचंच कशाला? माझं उत्तर साधं आहे. आपल्या वर्गातली एक मैत्रीण लग्न होऊन बेळगावला गेली. ती दर सोमवारी माझा लेख तिच्या सासूबाईंना वाचून दाखवते. एकदा मी 'चुलवाण' हा शब्द लिहिला, तर सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या गुऱ्हाळाची गोष्ट सांगितली. तिनं ती मला कळवली आणि विचारून परवानगीही आणली. गुऱ्हाळं कमी झाली, मोट तर गेलीच. त्या वस्तूंबरोबर त्यांचे शब्दही चाललेत. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगली गोष्ट आहे. पण तो भात कांडताना आपल्या आज्या काय बोलायच्या, याला कुणी मानांकन देणार नाही. ते आपणच लिहून ठेवायला पाहिजे.

म्हणून शेवटी एक मागणं. आपल्या तुकडीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ येतं. ते येऊ दे, त्यात प्रेम आहे. पण प्रत्येकानं महिन्यातून एकदा दहा ओळी लिहा. स्वतःच्या आठवणीतलं, स्वतःच्या घरातलं. कुणी एसटी चालवलीय, कुणी फौजेत होता, कुणी मुंबईत गिरणगावात वाढवलं घर, कुणी रोज अंगणवाडीत चाळीस पोरं सांभाळते. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते बघायला बाई आणि सर अजून खमके आहेत. महिना चुकला तरी लाजू नका. पुढच्या महिन्यात लिहा. चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला जाऊ नका, तिथंच घोळ होतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

आईचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. म्हशी विकून बरीच वर्षं झाली. तरी पहाटे तिला जाग येते. परवा मी विचारलं, "आता कशाला उठतेस?" म्हणाली, "उठल्यावर बघू की, काय काम हाय ते." मला वाटतं, लिहिणाऱ्यानं एवढंच करावं.

सर, फळा पुसून ठेवलाय. उद्याचा रविवार आहे. विषय वहीत आहेत, सहाच्या सहा.